एका किल्लीचे विद्यामंदिर

बारावीचे निकाल लागले की आपल्या सीमाभागातील घराघरांतून जो खल सुरू होतो, त्याचे स्वरूप आता ठरून गेलेले आहे. वडगाव-शहापूरचा पालक असो, खासबागेतील विणकर असो, की निपाणीच्या पेठेतील व्यापारी असो, त्याच्यापुढे तीन राज्यांची दारे असतात. मुलाला बेळगावातच ठेवावे, कोल्हापूर-सांगलीकडे धाडावे, की घाट उतरून गोव्याला पाठवावे? शुल्क किती, वसतिगृह कसे, अध्यापक कोण, पुढे नोकरी लागते की नाही, ही चौकशी प्रत्येकजण करतो आणि ती करावयासच हवी. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि तो न विचारल्याचा भुर्दंड प्रवेशानंतर पहिल्याच महिन्यात सोसावा लागतो. तो प्रश्न असा : घरात जो संगणक आहे, तोच घेऊन माझ्या मुलाला या महाविद्यालयात शिकता येईल काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. संगणक म्हणजे संगणक, त्यात महाविद्यालयाने अडवावयाचे काय, असे कोणी म्हणेल. पण खरा भेद यंत्रात नसून यंत्राला चालविणाऱ्या मूळ प्रणालीत असतो. आज घरोघरी दिसते ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. दुसरी ॲपल कंपनीची मॅक. ती त्याच कंपनीच्या संगणकासाठी असते. तिसरी लिनक्स, तिला कोणी एक धनी नाही. ती विनामूल्य घेता येते, तिची घडण कोणालाही उघडून पाहता येते, सुधारता येते आणि दुसऱ्यास देता येते. पहिलीचे वापरणारे पुष्कळ, उरलेल्या दोहोंचे थोडे. आणि आपली अनेक महाविद्यालये असे धरून चालतात की थोडे म्हणजे नाहीतच. या गृहीतकाविरुद्ध माझी तक्रार आहे. ती मी येथे न्यायालयातील शिस्तीनेच मांडणार आहे : आधी वस्तुस्थिती, मग प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि शेवटी मागणी.

विंडोज नसलेले हे संगणक कोणाच्या घरी असतात? केवळ हौशी मंडळींच्या घरी असतात, हा समज चुकीचा आहे. परदेशी असलेल्या मामाने किंवा काकाने आपला वापरलेला मॅक भाच्याला किंवा पुतण्याला दिला, ही गोष्ट आपल्या समाजात नवलाईची राहिलेली नाही. दुसरा वर्ग याहून मोठा आहे आणि दिवसेंदिवस वाढत जाणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आवृत्तीचे नियमित साहाय्य थांबविले. पुढची आवृत्ती जी विंडोज ११, तिला सुरक्षेसाठी विशिष्ट प्रकारची चकती लागते. ती नसलेल्या जुन्या संगणकांना नवी आवृत्ती घेता येत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, कळफलक शाबूत, पडदा स्वच्छ, आणि तरीही ते निवृत्त झाले! अशा यंत्रावर लिनक्स चढविली की ते आणखी काही वर्षे सुखाने काम देते. ज्याला नवा संगणक परवडत नाही त्याच्यापुढे हा सर्वांत सरळ आणि प्रामाणिक मार्ग आहे. तिसरा वर्ग अभ्यासू मुलांचा : यंत्राच्या पोटात काय चालते हे पाहण्याच्या जिज्ञासेनेच जी लिनक्सकडे वळतात. म्हणजे एकाला आप्ताच्या स्नेहामुळे, दुसऱ्याला गरिबीमुळे आणि तिसऱ्याला बुद्धीमुळे वेगळी प्रणाली मिळालेली असते. यांतला कोणता अपराध शिक्षेस पात्र आहे?

तरी शिक्षा होते. समजा, खासबागेतील एका विणकराच्या मुलाने जुन्या संगणकावर लिनक्स बसवून अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. पहिल्याच आठवड्यात त्याला सांगण्यात येते की गृहपाठ अमुक कंपनीच्या लेखन-प्रणालीतच सादर करावयाचा. पुढे कळते की परीक्षेच्या वेळी संगणक कुलूपबंद करणारी प्रणाली त्याच्या यंत्रावर चालतच नाही. ही भीती कल्पनेतील नव्हे. ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ नावाची जी प्रसिद्ध प्रणाली जगभर वापरली जाते, ती विंडोज, मॅक आणि आयपॅड यांसाठी आहे, लिनक्ससाठी नाही. आता त्या मुलापुढे मार्ग दोनच. बापाने माग गहाण टाकून नवा संगणक घ्यावा, किंवा बाजारातील एखाद्या दुकानदाराकडून विंडोजची आणि तिच्यावरील महागड्या प्रणालींची चोरटी प्रत भरून घ्यावी. दुसरा मार्ग स्वस्त असतो. कोणता मार्ग अधिक चोखाळला जातो हे मी सांगावयास नको.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहावे. कॉपीराइट कायदा, १९५७ यातील कलम ६३ब प्रमाणे, संगणक-प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास, आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कारण नमूद करून कारावास माफ करू शकते आणि दंड ५० हजारांच्या आत ठेवू शकते. पण गुन्हा तो गुन्हाच राहतो. अशा खटल्यात विद्यार्थी क्वचितच ओढला जातो हे मला ठाऊक आहे. माझा मुद्दा शिक्षेचा नाही, संस्काराचा आहे. गरीब मुलाला परवडणार नाही अशी वस्तू सक्तीची करावयाची, ती तो कोठून आणतो याकडे डोळेझाक करावयाची, आणि भिंतीवर मात्र सत्य आणि विद्या यांची सुभाषिते रंगवावयाची, या वागण्याला दुसरे कोणते नाव देणार? विद्यार्थ्याला महाविद्यालयातील पहिला धडा चोरीचा मिळतो, आणि तो धडा गुरुजनांच्या मूक संमतीने मिळतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. त्याचा पहिला युक्तिवाद असा की, उद्योगधंद्यांत सर्वत्र विंडोजच चालते. मुलाला नोकरी हवी असेल तर त्याने तीच शिकावी. कचेरीच्या टेबलापुरते हे बरेचसे खरे आहे. पण टेबलामागचे जग पाहा. जगातील सर्वांत बलाढ्य ५०० संगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तीतील पाचशेच्या पाचशे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आलेले आहेत. आपल्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे. आणि ही लिनक्स निर्माण केली कोणी? १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. एका विद्यार्थ्याने जन्मास घातलेली प्रणाली आज महाविद्यालयांच्या दारात परकी ठरते!

याहून विचित्र विसंगती आपल्या अंगणात आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्य पीठ आपल्याच बेळगावात, मच्छे येथे आहे. या विद्यापीठाच्या संगणक शाखेत युनिक्स हा विषय वर्षानुवर्षे शिकविला गेला, आणि युनिक्सच्या कुळातीलच मॅक व लिनक्स ह्या दोन्ही प्रणाली आहेत. म्हणजे पाठ्यक्रमात जिचे गोत्र पूज्य मानावयाचे, तिलाच प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर अडवावयाचे. उलट देशातील पुष्कळ महाविद्यालयांनी सी भाषा शिकविण्यासाठी टर्बो सी हे गेल्या शतकातील साधन नव्या शतकातही उराशी धरून ठेवले. त्यावर घोकलेल्या कित्येक लकबी भाषेच्या मान्य प्रमाणात बसत नाहीत, आणि कामावर रुजू झाल्यावर त्या पुसून टाकाव्या लागतात. तेव्हा उद्योगांची गरज हे कारण खरे नाही. खरे कारण सवय हे आहे. मेंढरामागे मेंढरू चालावे तसे प्रयोगशाळेमागे प्रयोगशाळा चालत आली.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि त्याला मी योग्य तो मान देतो. काही प्रणाली विंडोजवरच चालतात. यंत्रभागांची आरेखने करणारी सॉलिडवर्क्स ही त्यांपैकी एक. वाणिज्य शाखेतील मुलांना शिकावी लागणारी बंगळूरची टॅली थेट चालते तीही विंडोजवरच. त्या शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु ज्या विषयाला विशिष्ट साधन अपरिहार्य आहे, त्या साधनाची तरतूद महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने करावी. रसायनशास्त्राचा विद्यार्थी घरून भट्टी घेऊन येत नाही. आणि जेथे साधन अपरिहार्य नाही, तेथे ते सक्तीचे करू नये. मॅटलॅब ही गणिती प्रणाली तिन्ही ठिकाणी चालते. ती परवडत नसेल तर सायलॅब किंवा ऑक्टेव्ह विनामूल्य आहे. जावा, पायथॉन, सी या भाषांना तर कोणत्याच प्रणालीचे वावडे नाही. आपला विणकर हा मुद्दा चटकन ओळखील. ज्या मागावर एकाच गिरणीचे सूत चालते, तो माग विणकराच्या घरात असला तरी त्याचा धनी गिरणीवाला असतो.

तिसरा युक्तिवाद ऐकला की मात्र मला स्वस्थ बसवत नाही. तो असा : अशी मुले वर्गात दोन-चारच असतात, त्यांच्यासाठी सर्व व्यवस्था का बदलावी? वाचकहो, हे वाक्य आपण पूर्वी कोठे ऐकले आहे? बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला आणि चार राज्यांत विखुरलेल्या कोकणी माणसाला थोडे असणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावयास नको. देवनागरी, कानडी, रोमी आणि मलयाळम अशा वेगवेगळ्या लिप्यांत लिहिली जाणारी आपली कोकणी डोकी मोजून तोलली गेली असती, तर १९७५ साली साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली नसती आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली नसती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०अ आणि ३५०ब ही कलमे घातली, ती थोड्यांसाठीच. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असले तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, हा संकेत आपण पदोपदी पुढे करतो, आणि तो करावाच. भाषा आणि यंत्र यांची बरोबरी मी करीत नाही. भाषा रक्तात असते, यंत्र बाजारात मिळते. पण तत्त्व एकच आहे. सर्वांसाठी उघडलेल्या संस्थेने बहुसंख्यांची सोय पाहताना थोड्यांची वाट बंद करू नये. हे तत्त्व तहसील कचेरीत मागावयाचे आणि आपण चालविलेल्या, आपण देणग्या दिलेल्या महाविद्यालयात विसरावयाचे, हा न्याय नव्हे.

एका कंपनीच्या आधीन झाल्याचे फळ मराठीने एकदा भोगलेले आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस आपले छापखाने आणि कचेऱ्या संगणकावर आल्या तेव्हा प्रत्येक कंपनीचा देवनागरी टंक वेगळा, त्याची अंतर्गत मांडणी वेगळी. एका टंकात जुळविलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रास दिसे. त्या काळात जुळविलेल्या स्मरणिका, दावे, वंशावळी आणि अंक आज उघडावयाचे तर आधी रूपांतराची खटपट करावी लागते. युनिकोडने देवनागरीला सर्व यंत्रांवर एकच ओळख दिली तेव्हा हा जाच संपला. मराठी आणि कोकणीसाठी ‘लोहित’ हे मुक्त टंक लिनक्सच्या जगातूनच आले. धडा स्पष्ट आहे : जे सर्वांच्या मालकीच्या मानकावर उभे असते ते टिकते, आणि जे एकाच्या किल्लीत बंद असते ते किल्लीबरोबर हरवते.

हे घडवून आणणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्याने थोडा प्रवास करावा. केरळात २००१ साली शाळांसाठी ‘आयटी ॲट स्कूल’ हा उपक्रम सुरू झाला. पुढे त्याने मुक्त प्रणालीचा मार्ग धरला. त्याच उपक्रमातून निघालेल्या ‘काइट’ या संस्थेची लिनक्स २०१९ साली राज्यातील दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी होती. गोव्यात या शतकाच्या आरंभी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशांतून आलेले वापरलेले संगणक लिनक्स चढवून शाळांना दिले. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘फॉसी’ या प्रकल्पाद्वारे केंद्र सरकारच्या साहाय्याने महाविद्यालयांसाठी मुक्त साधनांचा प्रसार चालविला आहे, आणि तेथीलच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे पाठ मराठीतही ऐकता येतात. आपल्या अगदी शेजारी, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांचे असेच मंडळ आहे. जेथे असे मंडळ असते तेथे नवख्या मुलाला अडचण सांगावयास माणूस मिळतो. महाविद्यालय निवडताना या खुणेला मी इमारतीच्या उंचीपेक्षा अधिक किंमत देईन.

आता मागणी. सर्व महाविद्यालयांनी उद्यापासून विंडोज टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. एका सक्तीच्या जागी दुसरी सक्ती आणण्यात शहाणपण नाही. मुक्त प्रणालीस अग्रक्रम देणारे केंद्र सरकारचे २०१५ चे धोरण सरकारी कारभारापुरते आहे. ते खासगी महाविद्यालयास बांधील, असा चुकीचा अर्थही मी कोणाच्या गळी उतरविणार नाही. माझे मागणे फार थोडे आहे, आणि त्याला आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारणविषयक २०२३ च्या विनियमांनी संस्थांवर प्रवेशापूर्वी किमान ६० दिवस माहितीपुस्तक प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. शुल्क, अध्यापक, भौतिक व शैक्षणिक सुविधा ही सर्व माहिती त्यात यावी लागते. विद्यार्थ्याने कोणता संगणक आणावा आणि कोणता चालणार नाही, ही माहिती शुल्काइतकीच खर्चाची आहे. तेव्हा ती त्याच पुस्तकात, त्याच ठसठशीत अक्षरांत छापली गेली पाहिजे. लपविलेली अट ही करारात जितकी निंद्य, तितकीच प्रवेशातही निंद्य.

महाविद्यालयाने ती आपण होऊन छापली नाही तर पालकाने विचारावी. स्वतःचा संगणक आणणे सक्तीचे आहे काय, आणि असल्यास कोणत्या प्रणालीचा? गृहपाठ पीडीएफ किंवा ओडीएफ यांसारख्या खुल्या स्वरूपात स्वीकारला जातो काय? संगणकावर परीक्षा असेल तर वेगळी प्रणाली असलेल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील यंत्र मिळेल काय? वसतिगृहातील आंतरजाल त्याच्या यंत्रावर चालेल काय? एकाच प्रणालीवर चालणारी जी साधने अभ्यासक्रमात आहेत, त्यांच्यासाठी प्रयोगशाळा संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते? हे पाच प्रश्न विचारावयास पाच मिनिटे पुरतात. उत्तर देणारा लिपिक गोंधळला तर विभागप्रमुखांना भेटावे, आणि शक्य झाल्यास प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहून यावी. तेथील विद्यार्थ्यांशी दोन शब्द बोलावे. माहितीपुस्तकात नसते ते त्यांच्या बोलण्यात असते.

पालक एकटा असतो आणि एकट्याचा आवाज बारीक असतो. म्हणून शेवटचा शब्द देवस्थानांचे विश्वस्त आणि समाजाचे विद्यार्थी-साहाय्य निधी सांभाळणारी मंडळी यांच्याशी. आपण दरवर्षी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देता, संस्थांना प्रयोगशाळेसाठी देणग्या देता, आणि ते पैसे भाविकांच्या ओंजळीतून आलेले असतात. त्या पैशाला एक अट जोडा. ज्या प्रयोगशाळेला समाजाची देणगी गेली, तेथे कोणत्याही प्रणालीच्या विद्यार्थ्याला मज्जाव नसावा आणि निम्मी तरी यंत्रे मुक्त प्रणालीवरही चालणारी असावीत. देणगी देताना कोनशिलेवरील नावाचा आग्रह आपण धरतो. हा आग्रह त्याहून अधिक लोकांच्या उपयोगी पडेल. शिवाय समाजातील ज्या घरांतून विंडोज १० चे जुने संगणक अडगळीत पडले आहेत ते गोळा करावेत, लिनक्स चढवून गरजू मुलांना द्यावेत. गोव्यातील शाळांसाठी जे साधले ते वडगावात साधणार नाही असे मानावयास कारण नाही.

प्रवेशाचे अर्ज भरावयास फार दिवस उरत नाहीत. यंदा ज्यांच्या घरी मूल महाविद्यालयात जाणार आहे त्यांनी शुल्काची पावती घेण्यापूर्वी हे पाच प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे. तोंडी आश्वासनाला प्रवेशानंतर कोणी साक्षीदार सापडत नाही.